कच्छच्या काटेवनात खड्डे खणण्याआधी

प्रति,
बडोद्यातल्या कंपन्यांचे सीएसआर (सामाजिक उत्तरदायित्व) विभाग, वृक्षारोपण करणारी मंडळं आणि कच्छला रोपं पाठवणाऱ्या सर्व संस्था

स.न.वि.वि.

उन्हाळा सरत आला की आपल्या शहरात रोपांचे हिशोब सुरू होतात. किती हजार लावायची, कोणत्या जातीची, ठेका कोणाला, फलक कुठे. त्यातला काही पैसा कच्छकडे वळतो, कारण तिथे सलग आणि कागदावर रिकामी दिसणारी जमीन मिळते. हे पत्र त्या जमिनीबद्दल आहे. आमची मागणी एका ओळीची आहे: नखत्राणा, लखपत, अबडासा आणि भुज तालुक्यांतल्या काटेवनात नवी झाडं लावू नका. तोच पैसा तिथे उभ्या असलेल्या जुन्या झाडांवर, विशेषतः वठलेल्या झाडांवर, खर्च करा. वठलेल्या झाडावर पैसा कशासाठी, असा प्रश्न पडणार, म्हणून सविस्तर लिहितो.

या काटेवनात काबरी रामचकली राहते. हे तिचं गुजराती नाव. मराठीत या गटाच्या पक्ष्यांना आपण वल्गुली म्हणतो. चिमणीहून किंचित लहान, डोकं, गळा आणि पाठ काळीभोर, गाल आणि मानेचा मागचा भाग पांढरा, पंखात भरपूर पांढरा रंग आणि पोटाच्या मधोमध काळा पट्टा. कमाटीबागेत दिसते ती राखी वल्गुली वेगळी. तिची पाठ राखाडी असते आणि पंखावर पांढऱ्याची एकच रेघ. काबरीच्या पाठीवर राखाडी रंग औषधालाही सापडत नाही. दोघी कच्छमध्ये एकाच रानात भेटतात, त्यामुळे फोटोवरून नोंद करताना पाठ दिसलीच पाहिजे, नुसत्या पोटावरून ठरवू नये.

जगात ही फक्त भारतात आहे. ब्रिटिश पक्षी अभ्यासक जर्डनने 1840च्या दशकात तिचं वर्णन केलं ते नेल्लोरजवळच्या पूर्व घाटातल्या नमुन्यावरून. आज तिचे दोन तुकडे उरले आहेत. एक पश्चिमेकडचा: कच्छ, उत्तर गुजरात आणि राजस्थानात अजमेर, पाली, सिरोही, जयपूरभोवतीचे अरवलीचे डोंगर. दुसरा दक्षिणेकडचा, कर्नाटकातल्या कावेरीच्या खोऱ्यात आणि आसपास. मधल्या हजारभर किलोमीटरमध्ये तिचा वस्तीचा पट्टा नाही. म्हणजे कच्छमधून ती गेली तर दक्षिणेतून येऊन कोणी ती जागा भरून काढणार नाही. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत ती 'असुरक्षित' वर्गात आहे आणि तिच्या प्रौढ पक्ष्यांची संख्या दहा हजारांच्या आत धरली जाते. माळढोक किंवा तणमोराएवढी वेळ अजून आलेली नाही, आणि म्हणूनच तिच्याकडे कोणी बघत नाही. मोठा पक्षी संपत आला की समित्या बसतात. बारा सेंटिमीटरच्या पक्ष्यासाठी साधं निवेदनही निघत नाही.

तिची खरी अडचण झाडांची नाही, ढोलींची आहे. ती ढोलीत घरटं करते आणि रात्रीचा मुक्कामही ढोलीतच करते, पण तिची चोच लाकूड कोरायच्या कामाची नाही. ढोली कोरतो मराठा सुतार, हा पिवळसर टोपीचा छोटा सुतार पक्षी. तोही जिवंत, घट्ट लाकडात सहसा हात घालत नाही. जुन्या बाभळीची किंवा गोरडाची (हे डिंक देणारं काटेरी झाड) फांदी वठते, तुटलेल्या टोकातून बुरशी आत शिरते, गाभा मऊ होतो, मग सुतार तिथे भोक पाडतो, आपली पिल्लं काढतो आणि पुढच्या हंगामात बहुधा दुसरी ढोली कोरतो. मोकळी झालेली ढोली काबरीच्या वाट्याला येते, तीही आधी पीतकंठी रानचिमणीने, खारीने किंवा सरड्याने बळकावली नसेल तर. एका ढोलीसाठी इतकी साखळी लागते. साडेतीनशे-चारशे मिलिमीटर सरासरी पावसाच्या, आणि तोही दर वर्षी न पडणाऱ्या मुलखात, बाभळीचं खोड मांडीएवढं जाड व्हायला दोन-तीन दशकं जातात. तुमच्या रोपाला ढोली पडायची ती आजचे सीएसआर अधिकारी निवृत्त झाल्यावर.

आता ज्याला तुम्ही पडीक म्हणता ते पाहू. महसुली कागदावर या जमिनी 'सरकारी पडतर' किंवा 'खराबो' म्हणून लागलेल्या आहेत. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहातही झुडपी जमीन पडीक या सदरातच मोडते. वनशास्त्रात मात्र तिला स्वतःचं नाव आहे: चॅम्पियन आणि सेठ यांच्या 1968च्या वर्गीकरणात उष्णकटिबंधीय काटेवन हा वेगळा गट आहे. गोरड, देशी बाभूळ, हिवर, हिंगणबेट, खारी आणि मिठी जाळ म्हणजे पिलूच्या दोन जाती, केर नावाचं काटेरी झुडूप, बोर, मधूनमधून थोराची बेटं आणि खडकाळ उतारावर गुग्गुळ. गुग्गुळ हा स्वतःच अतिसंकटग्रस्त यादीत आहे आणि तो मार्चमध्ये पानं गाळून काटक्यांच्या जुडीसारखा उभा असतो. जेसीबीचा चालक त्याला सरपण समजतो, यात त्या चालकाचा काही दोष नाही. त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

एका हेक्टरावर तीन बाय तीन मीटरने रोपं लावली की 1,111 खड्डे होतात. खड्डा 45 सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल धरला तर जवळपास शंभर घनमीटर माती उलटीपालटी होते. त्याच्याआधी अंदाजपत्रकात 'जंगल कटिंग' नावाचं कलम असतं, त्यात केर, गंगेटी, बोरीची झुडपं आणि वठलेली खोडं 'साफ' होतात. मजुरांना सरपण मिळतं, ठेकेदाराला मोकळी जागा मिळते आणि फोटोत ओळी सरळ दिसतात. शिवाय ही सगळी वर्दळ जून-जुलैमध्ये, म्हणजे पावसाबरोबर काबरीची वीण चालू असते त्याच आठवड्यांत. मे ते ऑगस्ट हा तिचा घरट्याचा काळ. पानांवर अळ्या तेव्हाच असतात आणि पिल्लं अळ्यांवर वाढतात. एरवी ती कोळी, किडे आणि केराच्या फुलातला मध यांवर भागवते, पण पिल्लांना मध चालत नाही.

यावर काही जण म्हणतील, आम्ही देशी झाडंच लावतो. काही लावतातही. पण देशी म्हणजे कडुनिंब, करंज आणि वड अशी जी यादी बडोद्यात तयार होते, ती काटेवनाची नाही. करंज नखत्राण्याच्या खडकावर टँकरच्या पाण्याने दोन उन्हाळे काढतो आणि टँकर थांबला की जातो. कोनोकार्पस या परदेशी शोभेच्या झाडाबद्दल लिहायची गरज नसावी. गुजरात सरकारनेच 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे. तरीही काही रोपवाटिकांत तो अजून मिळतो, म्हणून खरेदीच्या यादीवर एकदा नजर टाका.

गांडो बावळ, म्हणजे वेडी बाभूळ, हे दुसरं प्रकरण, आणि इथे तुमच्या पैशाचा खरोखर उपयोग आहे. कच्छच्या बन्नी या गवताळ प्रदेशात रणाचा खार पुढे सरकू नये म्हणून 1961च्या सुमारास वनखात्याने 31,550 हेक्टरवर ही परदेशी बाभूळ लावली. शेंगा गुरांनी आणि नीलगायींनी खाल्ल्या, शेणातून बी सगळीकडे पसरलं. काबरीच्या दृष्टीने तिचा दोष असा की ती अनेक बारीक खोडांची वाढते, कोळशासाठी दर काही वर्षांनी तोडली जाते आणि पुन्हा फुटते. वठलेली जाड फांदी तिच्यावर तयारच होत नाही, म्हणजे ढोलीही नाही. आणि ती देशी झाडांच्या पायाशी उगवून त्यांचं पाणी ओढते.

पण ती काढायची पद्धत चुकली की नुकसान दुप्पट. जमिनीच्या वर कुऱ्हाड चालवली तर एका खोडाच्या जागी दहा फुटवे येतात. बुलडोझर फिरवला तर गोरडाची रोपटी, गवताचं बी आणि मातीचा वरचा थर तिच्याबरोबर जातो आणि उघड्या जमिनीवर पहिल्याच पावसात तिचंच बी उगवतं. बरोबर रीत अशी: ऑक्टोबर ते फेब्रुवारीत, घरट्यांचा काळ टाळून, कुदळीने खोडाभोवती खणून जमिनीखाली 20 ते 25 सेंटिमीटरवर मूळ तोडायचं, कारण फुटव्याचे डोळे तिथपर्यंत असतात. एकदम सगळं रान मोकळं करायचं नाही. प्रत्येक जुन्या बाभळी, गोरड, पिलूभोवती तीन-चार मीटरचं कडं आधी मोकळं करा, पुढच्या वर्षी ते वाढवा. काढलेले काटे जाळू नका, कोळशाला देऊ नका. गोरडाच्या आपोआप आलेल्या रोपट्यांभोवती त्याच काट्यांचं कुंपण घाला, शेळ्या आत शिरत नाहीत. पुढचे दोन पावसाळे कोवळी रोपं उपटायला माणसं ठेवावी लागतात. पहिल्या वर्षी उद्घाटन आणि दुसऱ्या वर्षी शून्य तरतूद, हा जो आपला शिरस्ता आहे, तो इथे चालणार नाही. दुसरं वर्ष नसेल तर पहिलं करूच नका.

कोळशाबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा. बन्नीत 2004 मध्ये गांडो बावळीच्या कोळशाला परवानगी मिळाली आणि 2008 मध्ये ती पुन्हा बंद झाली. कारण उघड आहे: भट्टीतून निघालेल्या कोळशावर झाडाचं नाव लिहिलेलं नसतं. जाड देशी खोडाचा कोळसा वजनाला भरतो आणि मोकळीक एका झाडाला दिली तरी कुऱ्हाड दोघांवर चालते. म्हणून निर्मूलनाचा खर्च कोळसा विकून भागवण्याची जी कल्पना काही प्रस्तावांत दिसते ती आम्हाला धोक्याची वाटते. कितीही व्यवहारी दिसली तरी.

डिंकाचंही तसंच. हिवाळ्यात आपल्या घरोघरी डिंकाचे लाडू होतात आणि कच्छचा खाण्याचा चांगला डिंक गोरडाचा असतो. तो मिळवण्यासाठी खोडाला भोक पाडून इथेफॉनचं औषध सोडतात. प्रमाणात आणि योग्य वयाच्या झाडाला दिलं तर झाड तगतं. लहान झाडाला, वर्षाआड विश्रांती न देता किंवा एकाच खोडात चार-चार भोकं पाडून दिलं तर झाड दोन-तीन हंगामांत वाळतं. वाळलेलं झाड जागेवर उभं राहिलं असतं तरी सुताराला उपयोगी पडलं असतं, पण ते लगेच सरपणाला जातं. ज्या संस्था डिंक गोळा करणाऱ्या बचतगटांना मदत करतात त्यांनी एका झाडाला एकच भोक, वर्षाआड पाळी आणि वाळलेलं झाड तोडायचं नाही, एवढ्या तीन अटी करारात घालाव्यात. भाव किलोमागे थोडा जास्त द्यावा लागेल. तो द्यावा.

हालोल-सावली पट्ट्यात पवनचक्क्यांचे भाग बनवणारे कारखाने आहेत, म्हणून त्यांच्यासाठी एक परिच्छेद. नखत्राणा तालुक्यात सांगनाऱ्याच्या गावकऱ्यांनी काटेवनातल्या पवनचक्क्यांना विरोध केला, ते बातम्यांत आलं आहे. वीज नको असं आम्ही म्हणत नाही. रान जातं ते चक्कीच्या ओट्यापेक्षा तिच्या रस्त्यासाठी. साठ मीटरच्या वर लांबीचं पातं ट्रेलरवरून न्यायचं तर प्रत्येक वळणाच्या आतली बाजू मोकळी करावी लागते आणि ओढ्याकाठची जुनी झाडं नेमकी तिथेच असतात, कारण जुनी वाट ओढ्याच्या कडेनेच गेलेली असते. मग त्याच रुंद रस्त्याने कोळशाचे टेम्पोही आत येतात. वळणं आधी कागदावर तपासता येतात. मार्ग आखणारा माणूस आणि झाडं ओळखणारा माणूस एकाच दिवशी, एकाच जीपमध्ये पाठवा. पुष्कळ झाडं तिथल्या तिथे वाचतात. खाण कंपन्यांना हे सांगून उपयोग किती, शंका आहे. चिंकाऱ्यांसाठी 1981 मध्ये जाहीर झालेलं नारायण सरोवर अभयारण्य 765.79 चौरस किलोमीटरचं होतं, 1995 मध्ये ते 444.23वर आणलं गेलं. खाली लिग्नाइट आणि चुनखडी होती.

प्रत्यक्ष काम काय करायचं ते आता. जागा ठरवण्याआधी ढोल्या मोजा. 17.84 मीटर त्रिज्येचं वर्तुळ बरोबर 1,000 चौरस मीटरचं होतं, म्हणजे हेक्टराचा दहावा हिस्सा. दोरीला गाठ मारून दोन माणसं ते आखतात. आतल्या प्रत्येक झाडाचा छातीच्या उंचीवरचा, म्हणजे 1.37 मीटरवरचा घेर लिहा. दहा सेंटिमीटरपेक्षा जाड वठलेल्या फांद्या मोजा. तीन ते पाच सेंटिमीटर तोंडाच्या ढोल्या वेगळ्या लिहा आणि झाडाची जात लिहा. हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत होतं. पक्षी मोजायचे ते जून-ऑगस्टमध्ये, सकाळी लवकर, ठरावीक वाटेवर चालत, कारण तेव्हा नर सतत बोलतो. मात्र आवाजाची टेप लावून त्याला बोलावू नका. वीण चालू असताना तो घरटं सोडून टेपशी भांडायला येतो, आणि त्या वेळात पिल्लं उपाशी असतात. वर्तुळात ढोल्या आहेत आणि पक्षी नाही, किंवा पक्षी आहे आणि ढोल्या नाहीत, या दोन्ही गोष्टी कामाच्या आहेत. पहिल्यात अन्नाकडे बघा, दुसऱ्यात कृत्रिम घरट्याचा विचार करा.

कृत्रिम घरटी हा मलमपट्टीचा उपाय आहे, पण नीट केला तर दहा-वीस वर्षांची फट भरून काढू शकतो. चिमणी दिनाला आपल्याकडे वाटतात तसली रंगीत प्लायची घरं तिथे नेऊ नका. पातळ प्लाय मे महिन्यात भट्टीसारखी तापते, मोठ्या भोकातून चिमणीच शिरते आणि पुढे लावलेली बसायची काडी शिकाऱ्याच्या सोयीची ठरते. लाकूड किमान 20 मिलिमीटर जाड, आतला तळ 12 बाय 12 सेंटिमीटर, भोक 28 मिलिमीटर आणि तळापासून 15 सेंटिमीटर वर. 32 मिलिमीटर केलंत की घरचिमणी आत. तळाला पाणी निघायला पाच मिलिमीटरची चार भोकं, आतून रंग किंवा वार्निश नाही, पुढे काडी नाही. जमिनीपासून अडीच ते चार मीटरवर, तोंड उत्तरेला किंवा पूर्वेला, दुपारी फांद्यांची सावली पडेल असं. तार खोडात रुतू नये म्हणून जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा मध्ये घाला. ऑक्टोबरमध्ये उघडून साफ करा, गांधीलमाश्यांचं पोळं झालं असेल तर संध्याकाळी थंड झाल्यावर काढा. एका ओळीत पन्नास पेट्या ठोकून फलक लावण्यात अर्थ नाही. या जोड्या आपापलं रान धरून राहतात. दोन पेट्यांत शंभर-दीडशे मीटर तरी अंतर राहू द्या.

आणि सगळ्यात स्वस्त काम: वठलेल्या झाडाचं मोल मालकाला द्या. शेताच्या बांधावर, गौचरात म्हणजे गायरानात, मंदिराच्या रखालात म्हणजे राखीव रानात अशी झाडं अजून आहेत. सरपण म्हणून एका वाळलेल्या बाभळीचे जे पैसे येतात ते मालकाला एकदा द्यायचे, झाडाला पत्र्याचा क्रमांक लावायचा आणि ग्रामपंचायतीच्या वहीत 'तोडायचं नाही' अशी नोंद करायची. रोप, खड्डा, टँकर, कुंपण आणि तीन वर्षांची देखभाल यांच्या तुलनेत ही रक्कम किरकोळ आहे. वार्षिक अहवालात 'आम्ही इतकी मेलेली झाडं वाचवली' हे वाक्य विचित्र दिसेल, याची कल्पना आहे. अहवाल लिहिणाऱ्यांनी त्यावर डोकं चालवावं.

खड्ड्यांची वर्कऑर्डर बहुधा एप्रिल-मेमध्ये निघते. त्याआधी जागेचा सर्व्हे नंबर आणि चारही दिशांचे फोटो आम्हाला पाठवलेत तर ते काटेवन आहे की खरंच उजाड जमीन, हे झाडांच्या यादीसह कळवू. खरंच उजाड असेल, उदाहरणार्थ जुन्या खाणीचा ढिगारा, तर तिथे गोरड, हिवर आणि पिलूचं बी पेरायला आमची हरकत नाही, उलट बी कुठून आणि कधी गोळा करायचं तेही सांगू. पिलूची फळं मे-जूनमध्ये पिकतात आणि बी फार दिवस टिकत नाही, त्यामुळे ते त्याच पावसात पेरावं लागतं. मोजणीचे तक्ते मराठी आणि गुजराती दोन्हींत तयार आहेत.

कळावे,
बडोद्यातले काही पक्षी आणि वनस्पती अभ्यासक